दाण्यावर वाढलेलं डुक्कर

अशा लांब उंबऱ्याशी काय उभ्या राहिलात गं? या, पुढं सरका, चटईवर जागा आहे. ग्वाल्हेरहून येऊन मला इतके दिवस झाले, पण एकीनं तरी विचारलं का, काकू, तुमची आक्का कशी आहे म्हणून? जिला तिला किल्ल्याचं पडलंय. किल्ला पाहिला का, किल्ला केवढा आहे! पाहिला बाई, रोज पाहिला, टांग्यात बसून खालून. वर जायला सवड कुणाला होती? मी त्या गावात हिंडले ती डुकराच्या मटणासाठी. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी शिजतं, मला वास येतो.

आधी जाण्याचं कारण सांगते. आमची आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, ग्वाल्हेरला दिलेली. सासरचे लोक दक्षिणेतून गेलेले शिपाईगडी, आणि तिचे यजमान, आमचे दाजी, संस्थानच्या घोडदळात रिसालदार. संस्थान विलीन झालं तेव्हा घोडे गेले आणि दाजी घरी बसले. मग मध्यभारत नावाचं राज्य झालं, त्याच्या कचेरीत त्यांचा मुलगा वसंता लागला. आता राज्यांची पुनर्रचना झाली नि तेही राज्य मोडलं. राजधानी भोपाळला. कचेरी भोपाळला, म्हणून वसंताही भोपाळला. तो म्हणतो, आईबाबा, तुम्हीही चला. दाजी म्हणतात, नाही. एवढ्यावर बापलेकांचं बोलणं बंद झालेलं, आणि मध्ये आक्का. तिचा निरोप आला, "तू ये. तुझं ते ऐकतात." मी धाकटी मेहुणी ना, मला टाकून बोलायची दाजींची हिंमत नाही.

निघाले तेव्हा स्टेशनवर आमचे दीर म्हणाले, "वहिनी, बघा हं, आता तुम्ही म्हैसूर राज्यातून प्रवासाला निघालात." मी म्हटलं, "गाडी तीच आहे ना? मग ट्रंक वर ठेवा." आपलं बेळगाव कुठं नेऊन बांधलं त्याचा राग तेव्हा माझ्या मनात ताजा होता, आणि भाऊजींना त्याचीच गंमत.

पुण्याला गाडी बदलली, कल्याणला बदलली. इटारसीच्या पुढं एका बाईनं माझ्या भाकरीचा डबा आपला समजून अर्धा संपवला, वर मलाच म्हणाली की तुमच्याकडे मीठ फार घालतात. ग्वाल्हेरला उतरले तेव्हा हवेत थंडी होती आणि कंबर माझी राहिली नव्हती. वसंता घ्यायला आला होता. स्टेशनाबाहेर पडाव म्हणून भाग आहे, दुकानं, खाणावळी आणि टांग्यांची गर्दी. तिथं त्यानं मला बेडई खाऊ घातली. बेडई म्हणजे डाळीचं पुरण भरलेली तिखट पुरी, वर बटाट्याची पातळ भाजी. चांगली लागते, पण सकाळी सकाळी घशाला आग.

"मावशी, तू खामखा परेशान होऊन राहिलीस," वसंता म्हणाला. "बाबा नाही मानणार. मी तर बोलणंच छोड दिया." या मुलांचं असं आहे, वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं.

जयेंद्रगंजातल्या घरी गेले तर निम्मं सामान पोत्यात. सून कुमुद भांडी बांधत होती आणि आक्का तीच भांडी सोडून पुन्हा फळीवर लावत होती. दाजी अंगणात खाटेवर, मिशा तशाच वळवलेल्या.

"आलात? कुठल्या मुलखातून आलात म्हणे आता?"

"तुमच्यासारख्याच, मोडलेल्या."

हसले. हसले म्हणून मी लगेच विषय काढला. तर म्हणाले, "हे बघा, या घरातून माणूस लांबच्या मुक्कामाला निघालं की अंगणात डुक्कर शिजतं. माझ्या आज्यापासून शिजतंय. ते जेवण होऊ दे, मग कोण हलतं नि कोण नाही ते सांगतो. त्याआधी एक शब्द नाही."

झालं! पूर्वी यात काय अवघड होतं? हिवाळ्यात शिकार व्हायची, रानडुक्कर यायचं, पुरुषमाणसं अंगणात चूल मांडून शिजवायची. बायकांचा स्वयंपाकघरातला हंडा त्याला लागायचा नाही. आता जंगल नव्या सरकारचं. परवान्याशिवाय ससा मारायचा नाही. वसंता कपाळाला हात लावून म्हणाला, "देखा? जे मिळणारच नाही तेच मागतात." वसंताला सोमवारी भोपाळला निघायचं होतं. म्हणजे तेवढ्यात जेवण झालं नाही तर मुलगा न बोलता जाणार आणि बाप न बोलता राहणार. आक्का मला चुलीपाशी म्हणाली, "असा गेला तर परत यायचा नाही गं तो. दोघांचंही नाक मोठं." मी म्हटलं, "रानडुक्कर नाही मिळालं तर पाळलेलं आणू. बेळगावची आहे मी."

पोरींनो, मला काय ठाऊक होतं! आपल्याकडे आसपासच्या खेड्यात घरोघर डुकरं पाळतात, भाताची पेज नि फणसाच्या चारखंडावर, म्हणजे साली-पातींवर, वाढवतात. तसलं मटण आपल्याला ठाऊक, चरबी पांढरीशुभ्र, बोटानं दाबली तर घट्ट, वास म्हणून नाही. मी दाजींना सांगितलं तर ते उसळले. "नाल्यावरचं? घाण खाणारं? ते माझ्या अंगणात?" मी म्हटलं, "दाण्यावर वाढलेलं आणीन. घरच्या माणसांनी पाळलेलं. तुम्ही आधी बघा, मग बोला." ते म्हणाले, "आणाच." त्यांना वाटलं मी हरणार.

आणि हरायचीच वेळ आली होती. पडावातल्या एका खाणावळवाल्याला विचारलं, तर त्यानं दोन्ही कानांना हात लावला. "राम राम, माताजी, आप तो अच्छे घर की लगती हैं." मी म्हटलं, अच्छे घर की आहे म्हणूनच अच्छं मटण मागते. तो पुढं ऐकेचना. थाटीपुरात दाजींचे एक जुने शिकारी दोस्त राहतात, आता जावयाच्या सरकारी क्वार्टरात. तिकडे गेले. त्यांनी भिंतीवरचे सुळे दाखवले, प्रत्येक सुळ्याची गोष्ट सांगितली, चहा दोनदा पाजला, आणि शेवटी म्हणाले, "मटण? मटण आता कुठलं, वहिनी." अहो, मग हे आधी सांगायचं! टांगेवाला बाहेर घोड्याशी भांडत बसलेला.

वाटेत नाल्याकाठी डुकरं दिसली खरी. ती काय खात होती ते सांगत नाही, तुमची जेवणं व्हायची आहेत.

मग मला वाटलं, आपल्या मराठी बायकांना विचारावं. आक्काच्या शेजारी हळदीकुंकू होतं, सगळ्या जमलेल्या. दक्षिणेतून गेलेली घरं, कुणी शिपायांची, कुणी दरबारच्या कारकुनांची, भटाभिक्षुकांची. मी सरळ विचारलं, "इथं चांगलं डुकराचं मटण कुठं मिळतं हो?"

बाई गं! जणू मी वाण म्हणून विंचू वाटला. एकीनं पदर नीट केला, एकीनं छताकडे पाहिलं. यजमानीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी खात नाही." आक्का माझी कोपरानं बरगडी मोडायला निघाली. मी तोंडात गजक (तिळाची खुसखुशीत वडी) कोंबली आणि गप्प बसले.

पण निघताना गंमत. मी दारात चपला शोधत होते, तर एक बाई खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "थाटीपुरच्या पुढं मार्था म्हणून आहे. आमच्या ह्यांना औषधाला लागतं, म्हणून माहीत." जिन्यात दुसरीनं गाठलं. "मार्थाकडे जा. आमचा गडी जातो." आणि फाटकाशी, देवाशपथ, यजमानीणबाई स्वतः! "मागच्या दारानं जा बरं का, पुढून कुणी बघतं." एवढ्या बायकांना ठाऊक, आणि मी दिवस घालवले टांग्यात!

मार्थाचं घर म्हणजे गावाबाहेर दोन खोल्या, मागं कुडाचं कुंपण, मध्ये चिंच. पूर्वी दरबारात साहेब पाहुणे यायचे, त्यांच्या स्वयंपाकघराला तिचे सासरे डुकरं पुरवायचे. आता दरबार नाही, पाहुणे नाहीत, पण हिनं मोजकी जनावरं राखलेली. मी आत जाऊन पाहिलं. गोठा झाडलेला, कुंडात ताक आणि भरडलेली ज्वारी, डुकरं काळी तुकतुकीत. एक तर माझ्याकडे असं बघत होतं की मीच विकायला आलेय. मला इतका आनंद झाला की मागच्या दाराऐवजी मी पुढच्यानंच आत आलेय हे लक्षातही राहिलं नाही. मार्थानं मात्र ते पाहिलं होतं.

"आप सामने से आईं," मार्था म्हणाली. "मराठों के यहाँ से कोई सामने से नहीं आता."

मी म्हटलं, मला एक चांगलं जनावर हवं, रविवारच्या आत.

"किसके घर पकेगा?"

मी सांगितलं.

"तो रिसालदार साहब को भेजिए. दिन में. खुद देखें, खुद बोलें." म्हणाली, नोकर पाठवतात, अंधारात नेतात, आणि बाजारात तिला बघून रस्ता बदलतात. आता तिनं ठरवलं होतं, ज्याच्या चुलीवर शिजेल तो घरधनी स्वतः आल्याशिवाय द्यायचं नाही. मी पुष्कळ विनवलं, रागावले, म्हातारी आहे म्हणून सांगितलं. "मैं भी हूँ," ती म्हणाली आणि कोंडा चाळत बसली.

घरी येऊन दाजींना सांगितलं. वाटलं, आता खाट उलटी करतात. त्यांनी मिशी वळवली. मग म्हणाले, "नोकर पाठवतात? कोण पाठवतं?" मी नावं सांगितली नाहीत, पण माझा चेहरा त्यांनी वाचला असावा, कारण मोठ्यांदा हसले. पगडी मागितली, बंद गळ्याचा कोट मागितला. आक्काला तो पोत्यातून उपसावा लागला, अर्थातच सगळ्यात खालचा. आणि चांगल्या दुपारी, गल्ली बघत असताना, टांग्यात बसले.

मार्थाच्या अंगणात ते ताठ उभे. कुंडातली ज्वारी हातात घेतली, चोळली, वास घेतला. "दाना अच्छा है."

"मेरे बच्चे भी यही खाते हैं, साहब."

"बच्चे कहाँ हैं?"

"एक झाँसी, एक बंबई. रेल में."

"आते हैं?"

"जो लड़कर नहीं गए, वो आते हैं," मार्था म्हणाली. म्हणजे रागावून नाही गेले ते. तिचा तिसरा मुलगा भांडून गेलेला, हे मला मागाहून कळलं; त्याचं नाव तिनं घेतलं नाही. दाजींनी खाटेवर बसून तिच्या हातचा चहा घेतला. मी चूप. मला चूप बसणं किती जड जातं, तुम्हाला माहीत आहे.

परतीला टांगेवाल्यानं साफ सांगितलं, ही चीज माझ्या टांग्यात नाही. आता याच्याशी कोण भांडणार! शेवटी शनिवारी मार्थाच्या नवऱ्यानं सायकलवर दोन्ही बाजूंना डबे बांधून मटण आणलं, तेही घंटी वाजवत, पुढच्या दारानं.

रविवारी अंगणात चूल पेटली. मी बेळगावहून ब्याडगी मिरची नेली होती, ती दाजींनी हुंगून परत दिली. "ही रंगाला. मला शिजवायचंय, भिंत रंगवायची नाही." लसूण, लवंग, तिथलीच लाल मिरची, आणि मटणाची स्वतःची चरबी, तेलाचा थेंब नाही. वसंता लांब पोती शिवत बसलेला. दाजी कुणाकडे न बघता म्हणाले, "लाकूड सरकवा." तिथं दुसरं कुणी नव्हतं. वसंता उठला, लाकूड सरकवलं, आणि मग तिथंच बसला.

पानं मांडली. आक्का माझ्या कानात म्हणाली, "जो निघणार त्याला पहिला तुकडा घरातला मोठा आपल्या हातानं वाढतो." आम्ही दोघी दाजींच्या हाताकडे बघत होतो. पहिला तुकडा त्यांनी वसंताच्या पानात घातला. दुसरा कुमुदच्या. मग हातातला डाव मधेच थांबला, आक्काच्या पानावर. तिला म्हणाले, "तुझं तू सांग."

आक्कानं आपलं पान उचललं, वसंताच्या बाजूनं उठली, आणि दाजींच्या शेजारी येऊन बसली. "मला मागाहून वाढा," म्हणाली.

मला इतका संताप आला! एवढी वणवण, एवढे टांगे, आणि म्हातारा जागचा हलला नाही, वर माझी बहीणही अडकवून ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर वसंता तुकडा चावत म्हणाला, "बाबा, मीठ थोडं कम आहे."

"भोपाळला जाऊन स्वतः शिजव, मग कळेल," दाजी म्हणाले.

किती दिवसांनी त्यांनी त्याला थेट उत्तर दिलं होतं. कुमुद रडायला लागली, आणि मटणाचा रस्सा नाकात गेला म्हणाली. मी उघडलेलं तोंड घासासाठी वापरलं. खरं सांगते, आपल्या इकडे इतकं चांगलं मी खाल्लेलं नाही, आणि हे मी बेळगावात बसून म्हणतेय.

सोमवारी वसंताला सोडायला दाजी स्टेशनावर आले, त्याच पगडीत. गाडी हलेपर्यंत दोघं ब्रेकव्हॅनमधल्या सामानावरून भांडत होते. मी दोन दिवसांनी निघाले.

परतीच्या सगळ्या वाटेत मी चडफडत होते. मी गेले होते तिघांची मोट बांधून भोपाळला लावायला, आणि आले दोन म्हातारी माणसं एका रिकाम्या घरात ठेवून. राज्यांची मांडामांड करणाऱ्यांना नकाशा पुरतो. माणसं त्यांना त्यात कुठं दिसणार. पण कल्याणला गाडी बदलताना माझा राग जरा उतरला. वसंता परत येईल. त्याच्या पानात पहिला तुकडा बापाच्या हातचा पडलाय.

आता मुख्य सांगायचं ते. आक्काच्या घरी आता वाढायला हात आहेत आणि पानं दोनच. कुणाचे यजमान बदलून तिकडे जात असतील, कुणी यात्रेला निघत असेल, तर जयेंद्रगंजात उतरा. किल्ला नंतर बघा, तो जात नाही कुठं. आणि तोवर इथं माझ्याकडे तरी या गं, रोज नाही तर एका आड एक, पण लवकर या.