सशाला लावलेला कच्चा रंग

कप खाली ठेवा आधी. मागे एकदा हा प्रकार सांगत होतो तेव्हा समोरच्याला ऐन वेळी ठसका लागला आणि त्याच्या तोंडातला चहा माझ्या सदऱ्यावर आला. माझ्या फजितीला हसा, माझी ना नाही. पण फजिती माझी, आणि वर सदराही मीच धुवायचा?

तर मी मधुकर परब, राहणार लालबाग. मिलच्या रंगखात्यात अठरा वर्षं काढलेला माणूस. अशा माणसाला दोन सशांनी घाम फोडावा!

संप सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. संप मिटला असं कुणी म्हणेना आणि भोंगाही वाजेना. मग काही मिलची दारं किलकिली झाली. गेटवर चौकशीला गेलो, तर वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली सुकट खाल्लेला वॉचमन मला म्हणतो, "यादीत नाव नाही, परब." जसा काही मला ओळखतच नाही!

घरात एकच नोकरी शाबूत होती, ती आमच्या शालनची. दादरला एका डॉक्टरांकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. चूल, दोन पोरांची शाळा आणि माझा रुबाब, सगळं त्या एका नोकरीवर. कसला रुबाब म्हणाल, तर आयता चहा पिऊन पेपर वाचायचा. पण सवय जात नाही हो.

मे महिन्यात डॉक्टरमंडळी गावाला निघाली. त्यांच्या आठ वर्षांच्या मिनूने एक ससा पाळला होता, त्याचं नाव बंटी. त्याला ठेवायचं कुठे? डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. आमची शालन बोलून गेली, "आमच्याकडे द्या, बाई. आमचे हे घरीच असतात."

घरीच असतात! लागलं मला ते. पण लागलेलं दुखायच्या आत डोक्यात चक्र फिरलं. मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला जाते. कुत्रा शेजारी सांभाळतो, मांजर स्वतःला सांभाळून घेतं. सशाने जायचं कुठे? एवढा धंदा उघड्यावर पडला होता आणि कुणालाच दिसला नव्हता!

दुसऱ्याच दिवशी पत्र्याची पाटी रंगवली. 'परब ससा सांभाळ केंद्र'. खाली 'प्रोप्रायटर' म्हणून माझं नाव. शेजारचा बाळ्या पाटी वाचून म्हणाला, "परब, किलोवर देतोस की नगावर?" असल्या लोकांकडे मी लक्ष देत नाही.

आणि पाटी फुकट गेली नाही, बरं का! तिसऱ्या दिवशी प्रभादेवीचे कामत आजोबा टोपली घेऊन हजर. लेकीकडे बडोद्याला निघाले होते. टोपलीत त्यांचा ससा, गोट्या. मी पोटमाळ्यावरची लाकडी खोकी काढली, जाळी ठोकली आणि गॅलरीत दोन खोल्या तयार केल्या. बाजारातून फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला आणू लागलो. सातच्या पाळीला पाला, तीनच्या पाळीला पाणी. किती तरी दिवसांनी मला घड्याळाकडे बघायला कारण मिळालं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

फक्त एक भानगड होती. दोन्ही ससे पांढरेशुभ्र. मी दोघांना शेजारी ठेवून तपासलं. कान मोजले, मिशा पाहिल्या, शेपट्या पाहिल्या, पंजे उलटे करून पाहिले. काडीचा फरक नाही! उद्या अदलाबदल झाली तर? डॉक्टरांच्या पोरीच्या हाती कामतांचा ससा गेला तर शालनच्या नोकरीचं काय? 

मग म्हटलं, परब, अरे मिलमध्ये तू अठरा वर्षं काय करत होतास? वेगवेगळं सूत दिसायला सारखंच. गल्लत होऊ नये म्हणून आम्ही एकाला गुलाबी, दुसऱ्याला हिरवा असा कच्चा रंग लावायचो. कापड विणून झालं की साध्या पाण्यात धुवायचं, रंग गायब. त्या गुलाबी रंगाची एक पुडी माझ्या ट्रंकेत होती. चोरी नव्हे हो! खिशात राहिली आणि संप झाला. परत कुणाला करणार?

चिमूटभर रंग पाण्यात कालवला आणि गोट्याच्या कपाळावर टिळा लावला.

शालन म्हणाली, "अहो, मुक्या जिवाला कशाला ते? दोघं वेगळ्या खोक्यात आहेत ना?"

"तू पोळ्या बघ," मी म्हटलं. "रंग हे माझं खातं आहे."

हे वाक्य लक्षात ठेवू नका, प्लीज. शालनने ठेवलंय तेवढं पुरे.

झालं काय, तर पोरं सुट्टीला आजोळी गेली होती आणि चार-पाच दिवसांनी जेवणं उरकल्यावर शालन चुलत बहिणीकडे घोडपदेवला गेली. मी टिळा ताजा केला आणि सशांना पाय मोकळे करू द्यावेत म्हणून दोघांना खोलीत एकत्र सोडलं. खाटेवर टेकलो. डोळा लागला असेल अर्धा तास. उठून बघतो तर दोघं एकमेकांना चाटून, घासून, बिलगून बसलेले. दोघांची कपाळं गुलाबी, दोघांचे गाल गुलाबी, मागून बघाल तर पाठीही गुलाबी! टिळा मुळात कुणाला लावला होता, ते आता ब्रह्मदेवालासुद्धा सांगता आलं नसतं.

तरी मी शांत. कच्चा रंग आहे, पाण्याने जाईल. फडकं ओलं केलं, पुसलं. रंग गेला नाही. पसरला.

तेवढ्यात खालून वाण्याची हाक आली. "परब! दादरहून फोन!"

खाली धावलो. डॉक्टरीणबाई बोलत होत्या. "परब, आम्ही दोन दिवस आधीच परत आलो. मिनूला बंटीशिवाय करमेना. पाचपर्यंत येतो न्यायला. बरा आहे ना तो?"

"एकदम फर्स्ट क्लास, बाई!" मी म्हटलं. वाण्याच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

वर आलो. कपड्यावरचा डाग गेला नाही तर आपल्याकडे काय चोळतात? लिंबू! दोन लिंबं कापली, दोघांना चोळली. रंग उजळला हो! फिकट होता तो झक्क गुलाबी झाला. काही न सुचून मी त्यातल्या एकाला उचललं आणि मोरीत बादलीत बुडवलं. वर काढलं, परत बुडवलं.

दारातून आवाज आला. "रे परबा, काय करतंस काय?"

दत्ताराम. खालच्या मजल्यावरचा. आयुष्यभर लोकरीच्या मिलमध्ये रंगारी. मी त्याला सगळं सांगितलं. लिंबापाशी आलो तसा तो कपाळाला हात लावून दारातच बसला.

"मेल्या, लिंबू चोळलंस? तुका कोणी सांगलान? आमी लोकरीवर रंग पक्को बसूक मुद्दाम आंबट घालीत होतंव!"

"पण हा कच्चा रंग आहे, दत्ताराम!"

"सुतावर कच्चो! ससो काय सूत आसा? केस ते. केस म्हणजे लोकरच. सुतावर कच्चो तो केसावर पक्को." मग त्याचं लक्ष बादलीकडे गेलं आणि त्याचा आवाज बदलला. "आनि भिजवलंस कित्याक? ससो भिजलो की गारठान मरता, रे."

माझ्या हातातला ससा थरथरत होता. डोळे अर्धे मिटलेले, कान पाठीला चिकटलेले. एवढासा झाला होता. मी त्याला खाली ठेवला तर तो बसेचना, कलंडला. तुम्हाला सांगतो, मिलच्या गेटवर यादीत नाव नाही म्हणाले तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो.

नेमकी तेव्हाच शालन आली. दारात पिशवी टाकली. बघितलं. मला वाटलं, आता चाळ डोक्यावर घेणार. पण तिने दोरीवरचं मऊ लुगडं ओढलं, सशाला पुसलं, गुंडाळलं आणि पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली. त्याचं अंग चोळत राहिली. साडेतीन झाले. चार झाले. दत्ताराम दारात तसाच बसलेला.

मी विचारलं, "कसा आहे?"

"हा बंटी आहे का?" तिने विचारलं.

मला सांगता येईना.

"हा गेला, तर उद्या मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू?" एवढंच म्हणाली. रागाने नाही, हळू म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी मेथीची काडी घेऊन सशासमोर उकिडवा बसलो. खा रे बाबा, म्हटलं. एक पान खा. हवं तर आयुष्यभर गुलाबी राहा, पण खा!

साडेचारला त्याचं नाक हललं. मग ओठ. मग मेथीचं एक पान आत गेलं आणि दुसऱ्यासाठी त्याने मान पुढे केली. दत्ताराम "बा देवा" म्हणून उठला आणि घरी गेला. शालनने डोळे पुसले ते त्याच लुगड्याच्या टोकाने. आणि खाली टॅक्सी थांबली.

आता दोन गुलाबी ससे, एक ओलसर, एक कोरडा. त्यातला बंटी कोणता? ठरवायला जिना चढायला लागतो तेवढाच वेळ. मी दोघांना खाटेवर ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं.

डॉक्टरीणबाई आत आल्या, मागून मिनू. बाईंची नजर खाटेवर गेली आणि तिथेच राहिली.

"परब, हे गुलाबी का झालेत?"

"हवापालट, बाई," मी म्हटलं. "इकडे लालबागला ऊन जरा—"

"ह्यांनी रंगवलेत, बाई," शालन मध्येच बोलली. हात जोडून उभी राहिली. "अदलाबदल होऊ नये म्हणून खूण केली आणि ती सगळीकडे लागली. ओला आहे त्याला बादलीत बुडवलं, तो गारठला होता. आता खातोय. काय बोलायचं ते मला बोला."

मी जमिनीकडे बघत होतो. फरशीची कधी नव्हे एवढी ओळख झाली मला.

मिनू मात्र सरळ खाटेपाशी गेली आणि कोरड्या सशाला उचललं. "हा माझा बंटी!"

आता गप्प बसावं की नाही? पोर म्हणतेय हा माझा, तर देऊन टाकावा! पण आमच्या रंगखात्यातल्या माणसाला चुकलेला माल बाहेर जाऊ देणं जमत नाही. माझ्या मनाने घेतलं की बुडवलेला तोच बंटी. मोठा अपराध नेहमी मोठ्या गिऱ्हाइकाच्याच मालाशी होतो, असा माझा अनुभव आहे.

"नाही बाळ," मी म्हटलं. "तो गोट्या. कामत आजोबांचा. तुझा हा, ओला."

"नाही काका, हाच बंटी."

"बाळ, मी रोज बघतो ना यांना? पाला मीच घालतो. फार बारीक फरक असतो, तुला नाही कळायचा."

"मिनू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका सांगतायत तर एकदा नीट बघ."

मिनूने नीट बघितलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण परीक्षेत नापास झालेल्या पोराकडे पाहतो.

"मम्मी, बंटीचे डोळे लाल आहेत. आणि त्याचे काळे आहेत."

मी वाकलो. एकाचे डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लालभडक. दुसऱ्याचे मंगळसूत्रातल्या मण्यासारखे काळेभोर. पहिल्या दिवसापासून. दोन खोक्यांतून, रोज सातच्या पाळीला आणि तीनच्या पाळीला, ते चार डोळे माझ्याकडे बघत होते!

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबले. मग पदर तोंडाला लावला. मग त्यांना उभं राहवेना, खाटेवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जाताना दारात वळून म्हणाल्या, "शालन, उद्या जरा लवकर ये गं. पाहुणे आहेत जेवायला." शालनने मान हलवली. तिचा श्वास मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला.

कामत आजोबांचं म्हणाल तर त्यांना मोतीबिंदू होता. त्यांनी गोट्याला हात लावून पाहिलं, वजन वाढलंय म्हणाले आणि खूश होऊन घेऊन गेले. पुढे बरीच वर्षं आम्ही ससे सांभाळले. रंगाची पुडी मात्र शालनने मिनू गेली त्याच संध्याकाळी मोरीत ओतली.

ओतता ओतता तिने मला शांतपणे विचारलं, "अहो, अठरा वर्षं मिलवाले तुम्हाला नक्की कशाचा पगार देत होते?"

"रंगाची शेड ओळखायचा," मी म्हटलं.

मिलने मला परत घेतलं नाही ते संपामुळेच, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.