बर्फाची गाडी तापते तेव्हा

मला आधी एक सांगा. गाडी रस्त्यात हटून बसली की विश्वास कुणावर ठेवायचा? ड्रायव्हरवर, मिस्त्रीवर, की गाडीच्या मालकावर? मी तिघांवरही ठेवून पाहिला आहे, आणि त्यातला मालक मीच होतो. जुनी गाडी घेतली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. दर फेरीला एखादा आपणहून मागे चढून बसतो.

माझा धंदा बर्फाचा. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला श्रीगोंद्यात फ्रीज ही मुद्दाम बघायला जायची वस्तू होती. लग्नाचं सरबत म्हणा, सोडा म्हणा, बर्फ नगरहूनच यायचा. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुशात घालायच्या, वर ओली गोणपाटं टाकायची आणि सुटायचं. त्यासाठी मी एक जुनी पेट्रोलची पिकअप घेतली होती. ड्रायव्हर किसन.

सकाळी ही गाडी अर्ध्या सेल्फला चालू व्हायची. पण तापल्यावर बंद केली, की संपलं. सेल्फ नुसता घरघरायचा. अर्ध्या तासाने थंड झाली की जसं काही घडलंच नाही, अशी चालू. तिला अर्धा तास परवडायचा. माझ्या बर्फाला नाही.

*

किसनने यावर सोपा उपाय काढला : गाडी बंदच करायची नाही. केडगावचा चहावाला पळत येऊन खिडकीतून ग्लास द्यायचा. रिकामा ग्लास त्याला परतीच्या फेरीला मिळायचा.

एकदा जकात नाक्यावरचा कारकून अडून बसला. "इंजिन बंद कर आधी. या आवाजात मला माझंच अक्षर दिसेना."

"करतो साहेब," किसन म्हणाला, "पर मंग आमच्या मुक्कामाचीबी सोय बघा."

साहेबांना तो उर्मटपणा वाटला. गाडी बंद झाली ती झालीच. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि शेवटी साहेब स्वतः बाह्या सरसावून आमच्या गाडीला धक्का मारत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दिसताच ते पावती हातात घेऊन रस्त्यातच उभे राहिले. "थांबू नकोस रे बाबा. घे आणि जा."

*

मग किसनने उतार पाठ केले. नगर ते श्रीगोंदा कुठे किती उतार आहे, हे रस्ता बांधणाऱ्यांना ठाऊक नसेल इतकं त्याला ठाऊक. गाडी उतारावर लावायची, ब्रेक सोडायचा, पळती झाली की गिअर टाकायचा.

श्रीगोंद्यात आमचं मोठं गिऱ्हाईक एकच, सोडावॉटरवाले तात्या. त्यांच्या दाराशीच झकास उतार. अर्धा बर्फ उतरवून झाला आणि किसनला वाटलं, एकदा चालू करून बघावी. ब्रेक सोडला. गाडी पळाली, गचके खाल्ले, पण चालू काही होईना. उरलेला बर्फ घेऊन ती थेट खालच्या पिठाच्या गिरणीच्या अंगणात जाऊन थांबली.

गिरणीवाला बाहेर आला, मागे डोकावला आणि म्हणाला, "ठेवून जा. बाजरीचं झालं की बर्फाचं दळतो."

*

केडगावचे उस्मानभाई मिस्त्री म्हणजे हाताला गुण असलेला माणूस. किसन म्हणाला बॅटरी, मी बॅटरी बदलली. उस्मानभाई म्हणाले कॉइल, कॉइल बदलली. पण गाडी त्यांच्याकडे जायची सकाळी, थंडगार. ते सेल्फ मारायचे आणि ती पहिल्या हाकेला ओ द्यायची.

"शेठजी," ते एकदा म्हणाले, "गाडी बरी आहे. तिला तुम्ही पसंत नाही."

*

त्या वर्षीच्या वैशाखात तात्यांनी निर्वाणीचं सांगितलं. श्रीगोंद्याजवळच्या एका मोठ्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न, दुपारचा मुहूर्त, सरबत-सोड्याचं काम तात्यांकडे. "शेठ, ह्या टायमाला पानी आनलं तर उद्यापासून मी दुसरा बर्फवाला बघनार." एवढ्यावर न थांबता ते स्वतः नगरला येऊन गाडीत बसले. मी केडगावला उस्मानभाईंना उचललं. पुढे दाटीवाटीने चौघं, मागे बर्फ, वर ऊन.

अर्ध्या वाटेत, माळावर, उस्मानभाई म्हणाले, "किसन, बाजूला घे. बंद कर."

मी ओरडलो, "उस्मानभाई, लग्नाचा माल आहे!"

"शेठजी, ताप चढलेला असतानाच नाडी बघायची. बंद कर."

किसनने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि चावी फिरवली. सेल्फ मारून पाहिला. घरघर. मागच्या फळीतून पाणी ठिबकायला लागलं. तात्या उतरून त्या थेंबांकडे बघत उभे राहिले.

उस्मानभाईंनी प्लग काढला. ठिणगी कडक. मग इंजिनाकडे येणारी पेट्रोलची नळी सोडवून धरली. "मार सेल्फ." धार यायला हवी होती. आला फुसफुसता फेस.

तात्या पुढे वाकले. "गॅस झालाय की ओ! बाटली तापली की आमच्या सोड्याचं आसंच हुतं."

एरवी मिस्त्री लोक सोडावाल्याचं ऐकत नाहीत. उस्मानभाई मात्र ताडकन उठले. "बर्फ द्या!"

तीन महिने आम्ही औषध पाठीशी घेऊन हिंडत होतो. मी टोच्याने लादी फोडली. ओल्या गोणपाटात चुरा बांधून पेट्रोलच्या पंपावर ठेवला, नळीवर गार पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. उस्मानभाईंनी नळी जोडली, पाच मिनिटं थांबायला लावलं. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातून वजा करा. मग किसनने सेल्फ मारला आणि गाडी भर्रकन चालू झाली. तात्यांनी मला मिठी मारली, ती ते आजवर नाकारतात.

मुहूर्ताआधी आम्ही मांडवात पोहोचलो. लाद्या थोड्या झिजल्या होत्या, पण सरबत गार झालं. मुलीच्या वडिलांनी पहिला ग्लास उस्मानभाईंना दिला. उस्मानभाईंनी तो बाजूला ठेवला आणि गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "पेट्रोल उकळत होतं ते कशाने, बघूया."

मग, "शेठजी, सायलेन्सरचा पाइप मागं जायचा सोडून इकडं कुणी वळवलाय? पेट्रोलच्या नळीला टेकून आणलाय. कुण्या शहाण्याचं काम?"

गाडी घेतली त्याच आठवड्यात तो पाइप मी लोहाराकडून वळवून घेतला होता. गरम पाइप बर्फाच्या खालून जाऊ नये म्हणून.

किसन काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. तात्या माझ्याकडे बघत होते. मुलीचे वडील म्हणाले, "सांगा की शेठ, कोन हो त्यो?"

मी म्हणालो, "आधी वऱ्हाडाला सरबत द्या. ऊन फार आहे."

तर मंडळी, कोण किती वेळा चुकलं याचा हिशेब तुम्ही मनात मांडत असाल, तर तो प्रामाणिकपणे मांडा. बॅटरी किसनची, कॉइल उस्मानभाईंची. पाइप कुणाच्या नावावर टाकायचा, ते तात्यांना विचारू नका.