परातीतला पहिला घास

तुमच्या तोंडाशी एखाद्या परक्या माणसाने स्वतःच्या हाताने घास धरला, तर तुम्ही तोंड उघडाल की मान फिरवाल?

उत्तराची घाई करू नका. माझ्या आईने मान फिरवली होती, आणि माझी आई वाईट माणूस नाही.

नाशिक रोडला छापखाना म्हटलं की लोकांना नोटा आठवतात. माझे बाबा ज्या छापखान्यात होते तिथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि चळवळीची पत्रकं छापली जायची. वाया गेलेले कागद बाबा घरी आणायचे आणि आई ते मांडणीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं तिथेच शिकले. हळदीच्या डब्याखाली 'बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करणार?' असं होतं. डबा उचलला की मी ते मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, "आधी हळद दे, मग सहन करायचं का नाय ते बघू." पुढे मीही पत्रकं लिहायला लागले तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं: सुरुवातीला प्रश्न विचार, म्हणजे माणूस थांबतो. शेवटी काम सांग, म्हणजे माणूस हलतो. मधे खोटं बोलू नको.

तर मधलं सांगते.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिला बाहेरून जिना आहे. दोन वर्षांपूर्वी ती खोली बघायला एक मुलगी आली. इथिओपियाची, इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकणारी. तोवर तिने शहरात बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या. फोनवर खोली रिकामी असायची, ही दारात उभी राहिली की भरलेली असायची. एका घरमालकीणबाईंनी तर तिच्यासमोरच शेजारणीला सांगितलं होतं, "ह्यांचं खाणं उग्र असतं बाई, भिंतींना वास राहतो." हिला मराठी कळत नाही, असं बाईंना वाटलं होतं. ती मैत्रिणींच्या खोलीत दाटीवाटीने राहत होती आणि तिच्या वडिलांनी घरून बजावलं होतं, की धड राहायला जागा मिळत नसेल तर शिक्षण सोड आणि परत ये.

आईने तिला पाणी दिलं, चहा ठेवला आणि आडनाव विचारलं नाही. लग्नानंतर आई-बाबा याच शहरात खोली शोधत फिरले होते. प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की घरमालकाचा पुतण्या गावाहून राहायला यायचा असायचा. आई अजून म्हणते, "आमच्यामुळं इतके पुतणे नाशिकला आले, की त्यांचीच एक कॉलनी झाली असंल कुठंतरी."

अशी ती मुलगी गच्चीवर राहायला आली. आईला ती पहिल्या आठवड्यापासून आई म्हणू लागली. बुधवारी आणि शुक्रवारी ती दूध, अंडी, मटण काहीच खायची नाही. तिच्या धर्मात तसा उपास असतो. हे कळल्यावर शेजारच्या काकूंचं तिच्याबद्दलचं मत एकदम सुधारलं. "उपास करती म्हणजे वळणाची दिसती पोरगी." मला राग आला. मी म्हटलं, "काकू, मग उपास न करणारी मी कोण?" काकू म्हणाल्या, "तू पत्रकवाली. तुला काय वळण लावायचं!"

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्या घरात प्रत्येकाचं स्टीलचं ताट वेगळं आहे आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं आहे. एकाच्या ताटात दुसऱ्याने हात घालायचा नाही. कुणाचं अर्धं राहिलेलं कुणी संपवायचं नाही. लहानपणी मी बाबांच्या ताटातली भजी उचलली, तर आईने ती माझ्या हातातून काढून घेतली, नवी तळली आणि माझ्या ताटात वाढली. "ह्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाय," ती म्हणाली. मला वाटायचं, हा स्वच्छतेचा हट्ट आहे.

परीक्षा चांगली गेली म्हणून त्या मुलीने एका रविवारी आम्हाला जेवू घालायचं ठरवलं. तिच्याकडे इंजेरा करतात. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा, तेवढीच जाळीदार, पण बरीच आंबट आणि परातीएवढी मोठी. त्यासाठीचं बारीक धान्य तिला इथे मिळालं नाही, म्हणून तिने नाचणी आणि तांदळाचं पीठ भिजवलं. ते काही दिवस आंबत ठेवायचं असतं. आई रोज पातेल्याचं झाकण उघडून मला विचारायची, "खराब झालंय गं हे. टाकू का?"

रविवारी दुपारी तिने आमची कणीक मळायची परात मागून घेतली. आमच्या तव्यावर एवढी मोठी आंबोळी कशी होणार, म्हणून लहान लहान करून तिने त्या परातीत एकावर एक सरकवून मांडल्या. वर मसुराची लालभडक डाळ, कोबी-गाजराची भाजी, आणि मधोमध कोंबडीचा दाट रस्सा, त्यात उकडलेली अंडी. दिसायला रांगोळीच. आई कौतुकाने बघत होती. मग ती ताटं आणायला उठली आणि मुलगी हसून म्हणाली, "ताट नको, आई. सगळे यात."

बाबा आणि मी परातीभोवती बसलो. आईही बसली. परातीच्या एका कडेला, जरा मागे सरून. मुलीने इंजेराचा तुकडा मोडला, त्यात रस्सा आणि अंड्याचा तुकडा गुंडाळला आणि तो आईच्या तोंडाशी नेला. आईने मान फिरवली. मुलीला वाटलं आई लाजली, म्हणून तिने हात आणखी पुढे केला. आई उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मुलीचा हात तसाच राहिला. मग तिने तो घास परातीच्या कडेला ठेवला, "सॉरी" म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

मी स्वयंपाकघरात गेले ते पेटूनच. "आई, हेच ते! रोटीबंदी म्हणतात ती हीच. आपण आयुष्यभर दुसऱ्यांना काय सुनावतो? मालेगावला माझ्या मैत्रिणीच्या घरी सगळं घर एका थाळ्यात जेवतं. दिवसभर यंत्रमागावर उभी राहिलेली माणसं, सतरंजीवर गोल बसतात, मधे एकच थाळा. मीही जेवलेय."

"एका थाळ्यात? तू?"

"हो. मेले नाही."

"लय शिकलीस," आई म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "उष्टं वाचलंयस तू. खाल्लं नायस."

मग तिने सांगितलं. तिचं माहेर गोदाकाठचं. गावात मोठ्या घरचं लग्न असलं की तिची आई तिला घेऊन मांडवाच्या मागे बसायची. पंगत उठली की पत्रावळी बाहेर येत. त्यांतलं जे उरलेलं असेल ते गोळा करून पदरात बांधायचं. बुंदीचे कण, भातात कालवलेली आमटी, कुणीतरी अर्धी खाऊन टाकलेली पुरी. "आई मला त्यातलं बरं बरं निवडून भरवायची," ती म्हणाली. "गोड लागायचं गं. त्याचाच राग येतो. गोड लागायचं."

माझ्या सगळ्या पत्रकांत 'उष्टं' हा शब्द होता, आणि एकाही पत्रकात ते गोड लागत नव्हतं.

"तेव्हाच ठरवलं," आई म्हणाली, "आपल्या घरी ज्याचं त्याचं ताट. भरलेलं."

मी वर गेले. मुलगी कॉटवर बॅग ठेवून कपड्यांच्या घड्या घालत होती. "आईला माझा हात घाण वाटला," ती म्हणाली. "इतर घरी पण असंच होतं. पण त्यांनी आधीच सांगितलं. मी बाबांना फोन करते, परत येते म्हणून." मी तिला इंग्रजीतून समजवायला लागले. मांडव सांगितला, पत्रावळ सांगितली, जात सांगितली. माझी वाक्यं लांबत गेली. ती घड्या घालतच राहिली.

तेवढ्यात जिन्यावर आईची चाहूल लागली. गुडघ्यांमुळे ती गच्चीवर सहसा येत नाही. दारात थांबून तिने दम घेतला आणि त्या मुलीला सरळ विचारलं, मराठी-हिंदीची मिसळ करून, "तुमच्याकडे असं हातानं का भरवतात?"

मुलगी बॅगेकडे बघत म्हणाली, "जो मोठा आहे, त्याला पहिला."

"पहिला म्हणजे?"

"सगळे बसतात. पण कोणी खात नाही. आधी मोठ्या माणसाला घास. मग सगळे हात लावतात."

"म्हणजे त्या परातीत तवर कुणीच खाल्लेलं नसतं?"

मुलगी पहिल्यांदा वर बघत म्हणाली, "तुमच्या आधी कोण खाणार, आई?"

आई उंबऱ्यावर बसली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. मग तिने मांडवामागची गोष्ट परत सांगितली, या वेळी त्या मुलीला. मी मधे मधे शब्द देत होते, पण फारसे लागले नाहीत. मुलीने घड्या थांबवल्या. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे पण आहे. कुंभार, लोहार, चामड्याचं काम करणारे. त्यांच्याबरोबर काही लोक एका परातीत बसत नाहीत. माझी आजी बसत नव्हती."

मी दचकले. माझ्या डोक्यात तोवर एक पत्रक तयार झालं होतं: तिकडे सगळी माणसं एका परातीत जेवतात, इकडे आपण भिंती बांधतो. ते पत्रक तिथल्या तिथे रद्दीत गेलं.

आई म्हणाली, "म्हणजे तिकडं पण हायच."

"आहे," मुलगी म्हणाली. "पण माझी आई बसते."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि हसली. "तुझ्या आईला घरात बोलणी बसली असतील."

"खूप!"

"बसू दे. चल, ती बॅग ठेव खाली. माझं ऐक आता. मी माझ्याच ताटात जेवणार. ते मी सोडायची नाय. पण पहिला घास तुझ्या हातचा."

आम्ही खाली आलो. बाबा परातीसमोर होते तसेच बसून होते. "मी हात लावलेला नाही," त्यांनी जाहीर केलं, जणू पंचनामा चालला होता. रस्सा थंड झाला होता. आईने मांडणीवरून आपलं ताट काढलं, मांडीसमोर ठेवलं आणि डोळे मिटून तोंड उघडलं. औषध घेताना लहान मूल उघडतं तसं. मुलीने घास भरवला. आई चावत राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"आंबट हाय," आई म्हणाली. "पण रस्सा जमलाय."

मुलीने लगेच दुसरा घास पुढे केला. त्यांच्याकडे एकावर थांबत नाहीत म्हणे. आईने तोही घेतला. मग आपल्या ताटात वाढून घेतलेल्या रश्शात इंजेरा बुडवला, घास केला आणि स्वतः खाण्याआधी मुलीच्या तोंडात घातला. मुलगी रडत रडत खात होती, आणि बाबा म्हणाले, "आता आम्हाला परवानगी आहे का?"

पुढच्या आठवड्यात आई मला घेऊन शहरात भांडी बाजारात गेली. एक ताट निवडलं, काठ बोटांनी तपासला आणि नाव कोरायला सांगितलं. नाव ऐकून दुकानदाराने मशीन थांबवलं. "हे कुठलं नाव, मावशी? कोण लागते तुमची?"

"जेवती आमच्यात," आई म्हणाली. "कोर तू."

ती मुलगी अजून वरच राहते. शेवटचं वर्ष आहे. रोज आपल्या नावाच्या ताटात जेवते, आणि सणाला परात निघते. परातीभोवती आम्ही बसतो, आई आपलं ताट घेऊन बसते आणि पहिला घास तिचा असतो. कॉलनीतल्या विहारात मी हे सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे नक्की काय जिंकलं, परात का ताट?" मी एवढंच सांगितलं: दोन्ही धुऊन एकाच मांडणीवर ठेवतो.

आता काम सांगते. याच मुलीच्या गावची एक मैत्रीण येत्या जूनमध्ये नाशिकला शिकायला येते आहे. आमच्या गच्चीवर एकच खोली आहे आणि ती भरलेली आहे. खरोखरच भरलेली, पुतण्या नाही. तिच्यासारखी मुलगी तुमच्याही गावात खोली शोधत फिरत असेल. ती दारात आली तर 'आमच्यात चालत नाही' म्हणण्याआधी तिला आत घ्या, जेवायला बसवा, आणि ताट वाढण्याआधी एवढंच विचारा: तुमच्याकडे कसं जेवतात?