झेंडा कुणी काढला

"काय गं, जयंतीला गल्लीभर झेंडे लावता की. मग ड्रॉइंगवर एक लावायला हात मोडले होते का?"

मालकाचा पुतण्या बोलला हे. यार्डात, भर सकाळी, सगळ्या वेल्डरांपुढं. हशा झाला. पोटासाठी हसणारे हसले, मनापासून हसणारेही हसले. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा मिशीतल्या मिशीत हसले आणि मोबाईल बघायला लागले.

माझ्यामागं टाकी उभी होती. साखर कारखान्याची, मळी साठवायची. दोन अर्ध्या भागांत पाठवायची आणि तिकडं कारखान्यावर नेऊन जोडायची, असं ठरलेलं. आमच्या शहाण्यांनी ती यार्डातच जोडून टाकली. आता टाकी आत आणि गेट बारकं. ट्रेलरवाला गेटाबाहेर तंबाखू मळत बसलेला, आणि आत सगळे टाकीभोवती फिरून फिरून बघत होते.

चूक कुणाची? माझी. असं ठरवून मला वरच्या खोलीतनं खाली बोलावलं होतं.

मी आयटीआय केलेली. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. सर्टिफिकेटवर मॅनच लिहिलंय, बाई असले तरी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ह्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं काम मी करत होते. पत्र्याचा जिना, वर एक खोली, खोलीत मी, कॉम्प्युटर आणि एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

आता झेंड्याचं सांगते. दोन पत्रे कुठं आणि कसे जोडायचे हे ड्रॉइंगवर खुणेनं सांगतात. एक बाण, त्याला आडवी रेघ, रेघेवर वेल्डिंगची खूण. आणि बाण जिथं रेघेला मिळतो तिथं एवढासा झेंडा काढला, तर त्याचा अर्थ, हे वेल्डिंग शेडमध्ये करू नका, माल जागेवर गेल्यावर करा. बस. एवढंच. पण तो झेंडा नसला तर खालचा माणूस काय समजणार? इथंच जोडायचं.

कॉम्प्युटरवर ह्या खुणांनी माझा जीव खाल्लाय. त्या एका वेगळ्या फॉन्टमधनं येतात. आमचं सॉफ्टवेअर क्रॅक मारलेलं, त्यात तो फॉन्टच नव्हता. मी शोधून आणला, बसवला. मग स्केल बदललं की खुणा भोपळ्याएवढ्या व्हायच्या. व्ह्यू सरकवला की बाण तिथंच हवेत लटकायचा. सगळं मीच निस्तरलं, जेवायच्या सुट्टीत, एका हातात भाकरी घेऊन. शिकवायला कोण होतं? पुतण्या?

पुतण्या इंजिनिअर. पुण्याच्या कुठल्या तरी कॉलेजात बापानं पैसे भरून केलेला. सगळ्यांनी त्याला छोटे साहेब म्हणायचं. लॅपटॉप भारी, गॉगल भारी, बूट भारी. त्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. त्यामुळं माझं ड्रॉइंग त्याच्याकडं उघडलं की खुणांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसायचे. मी त्याला सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या लॅपटॉपवर फॉन्ट टाकू द्या. नाहीतर तिथं फाईल उघडू नका, खुणा जातात."

तो म्हणाला, "सॉफ्टवेअर तू मला शिकवू नको."

नाही शिकवलं. मग टाकीचं ड्रॉइंग त्यानं लॅपटॉपवर उघडलं. मित्राच्या कंपनीची चकचकीत बॉर्डर त्याला लावायची होती, पार्टीला, म्हणजे कारखानावाल्यांना, भारी दिसावं म्हणून. सगळीकडं चौकोन दिसले. त्याला ते घाण वाटले. त्यानं एकेक निवडून डिलीट केले. हे त्यानंच मला सांगितलं होतं, वर तोऱ्यात, "तुझ्या ड्रॉइंगमध्ये लई कचरा असतो. साफ करावा लागतो मला." कसला कचरा, हे मी विचारेपर्यंत तो खाली गेलेला. मला वाटलं, एखादी रेघबिघ असेल.

माझे झेंडे पुसून तो ड्रॉइंग खाली घेऊन गेला.

खाली फोरमन रफिकचाचा. त्यांनी बाण बघितले, मोकळ्या रेघा बघितल्या आणि विचारलंसुद्धा, "साहेब, ये इधरच जोडना क्या?" छोटे साहेब म्हणाले, "ड्रॉइंग में जो है वो करो. दिमाग मत लगाओ." चाचांनी नाही लावलं. पगार दिमाग न लावायचाच मिळतो तिथं.

आणि हा मला जयंतीचा झेंडा सांगतो. झेंडा कशासाठी लावतात हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळतं. माझ्या आज्यानं गावात निळा झेंडा लावला म्हणून मार खाल्ला होता, पाठीवर वळ घेऊन तो सोलापूरला आला. तो झेंडा ह्याला थट्टेला पाहिजे. आणि ड्रॉइंगवरचा झेंडा समोर आला तर ह्याला ओळखू येत नाही. याला इंजिनिअर म्हणायचं. थू.

यार्डातनं मी जिन्याकडं वळले. अंगाची लाही झाली होती.

मग अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम गोड. "बस गं पोरी. दुपारी पार्टी येणार हाय. त्यांच्यापुढं एवढंच म्हणायचं, चूक माझी झाली. आमी जरा रागावल्यासारखं करू. दोन मिनटाचं काम हाय. मनाला लावून घ्यायचं न्हाय."

टेबलावर ड्रॉइंगची नवी प्रिंट होती. पार्टीला दाखवायची. माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं चौकट असते, ड्रॉइंग कुणी काढलं, कुणी तपासलं. त्यात माझं नाव होतं. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. ठळक अक्षरात.

त्या चौकटीत माझं नाव मी पहिल्यांदाच बघत होते.

इतकी वर्षं मी काढलेल्या प्रत्येक ड्रॉइंगवर छोटे साहेबांची इनिशियल होती. कन्व्हेअर, जिने, प्लॅटफॉर्म, धुराडी, सगळं त्यांनी काढलेलं. मी एकदा विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं होतं, "ऑपरेटरचं नाव नसतं तिथं. आणि आडनाव वाचून पार्टी उगं काय काय विचारते." आज विचारणार नव्हती वाटतं पार्टी. आज आडनाव चालत होतं. आज ते कामाचं होतं.

रडू येईल असं वाटलं होतं मला. नाही आलं. उलट डोकं गार झालं. ह्या माणसांची मी इतके दिवस भीती बाळगली, ह्यांची? ज्यांना स्वतःची चूक उचलायला माझं आडनाव लागतं?

मी म्हटलं, "बरं. पार्टीपुढं बोलते."

अण्णा खूष झाले. चहा सांगितला. माझ्यासाठी पण, कपातनं. एरवी मला कागदी ग्लास असायचा.

दुपारी कारखान्याचे इंजिनिअर आले. टाकीपुढं उभे राहिले, गेटाकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. छोटे साहेबांनी मला पुढं ढकललं. "हिनं काढलंय ड्रॉइंग. सांग साहेबांना."

सकाळी हसलेले सगळे तिथंच होते. मी मोठ्यानं बोलले, त्यांना पण ऐकू जावं म्हणून.

"व्हय, ड्रॉइंग मी काढलंय. टाकी साइटवर जोडायची म्हणून त्याच्यावर झेंडा मी लावला होता. ह्यांना तो कचरा वाटला. ह्यांनी पुसला. वर माझ्या कॉम्प्युटरवर मूळ फाईल हाय, या, दाखवते."

कुणी हसलं नाही. छोटे साहेब गॉगल पुसायला लागले.

आणि ते कारखान्याचे इंजिनिअर? त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अण्णांना म्हणाले, "तुमचं घरचं तुम्ही बघा. आमची टाकी कधी येणार ते सांगा." न्याय करायला आलेच नव्हते ते. टाकी न्यायला आले होते.

त्यांची गाडी गेल्यावर अण्णा म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको."

"उद्या कशाला, आत्ताच निघते."

पुतण्या मागनं ओरडला, "आधी ड्रॉइंग नीट कर आणि तुझं नाव काढ त्याच्यावरनं."

मी जिना चढले. मूळ फाईल उघडली, प्रिंट काढली. झेंडे जागच्या जागी होते. त्याची इनिशियल होती ती खोडली आणि माझं नाव आडनावासकट टाकलं. खाली येऊन प्रिंट रफिकचाचांच्या हातात दिली. पुतण्याला म्हटलं, "नाव काढणार नाही. ड्रॉइंग माझंच आहे. चूक तुमची आहे, तिच्यावर तुमचं नाव टाका."

मी चप्पल घालत होते तोवर गॅस कटर पेटला होता. टाकी कापायला घेतली होती. कटर बरोबर त्या जोडावरनं चालला होता, जिथं माझा झेंडा होता.

घरी आई विड्या वळत बसलेली. सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मी जन्मभर वळल्या. विड्यांच्या कट्ट्यावर लेबल मालकाचंच लागलं. मला कुणी इचारलं न्हाय, आन मी बी न्हाय इचारलं." हातातला कट्टा दोऱ्यानं बांधत म्हणाली, "आता काय करनार हायस?"

आता मी घरीच ड्रॉइंग काढते. कॉम्प्युटर जुना आहे, एसी नाही, पंखा खडखडतो. लहान शेडवाले येतात. परवा एकजण बोलला, "ताई, काम झकास हाय, पण एवढं लांबडं नाव कशाला? नुसती इनिशियल टाका की. आमच्या पार्ट्या कशा असतात, तुमाला म्हाईत हाय." मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्याला दार दाखवलं. तो गेला, पुन्हा आला नाही. न येऊ दे.

इथं मी नाव सांगत नाही. थट्टेला, दयेला, दुसऱ्याच्या चुकीच्या पावतीला माझं नाव मिळणार नाही. ते माझ्या कामाखाली आहे, त्या चौकटीत, आडनावासकट. ज्याला ते पुसायचं असेल त्यानं ड्रॉइंग स्वतः काढावं.