डायमंड मेंबर, शिवाजी पेठ

"गोल्ड! आमचं गोल्ड लिवा!"

आबा ओरडत होते. आबा म्हणजे माझे वडील. हायवेकडच्या हॉटेलातला गारेगार हॉल, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या, दर टेबलाला एक प्लास्टिकचा गुलाब आणि एक टायवाला पोरगा, आणि या सगळ्याच्या मधोमध टेबल धरून अर्धवट उभे राहिलेले आबा. पूर्ण उभं राहायची परवानगी गुडघ्यांनी केव्हाच काढून घेतली होती. पण आवाजाला गुडघे लागत नाहीत. आबांनी उभी हयात गुळाचा ट्रक कोकणात उतरवला. गगनबावड्याच्या घाटात हॉर्न बंद पडला, तर ते काच खाली करून नुसते ओरडायचे आणि समोरची गाडी वैभववाडीपर्यंत रिव्हर्समध्ये जायची.

पलीकडच्या टेबलावरून लगेच उत्तर आलं, "मग आमचं प्लॅटिनम लिवा!"

तिथं मंगळवार पेठेतले टेलर मास्तर बसले होते. त्यांचा टायवाला पोरगा इतका खूश झाला होता की पेनचं टोपण त्यानं चहात टाकलं.

आम्ही इथं आलो कसे ते सांगतो. आईला फोन आला होता, तुम्हाला लकी ड्रॉ लागला. आईनं कुठल्या ड्रॉत चिठ्ठी टाकली नव्हती, पण लागलेलं नशीब परत करायची आमच्याकडं पद्धत नाही. नवरा-बायकोनं जोडीनं यायचं, दीड तास माहिती ऐकायची आणि डिनर सेट घेऊन घरी जायचं. "दीड तास तर ह्यांस्नी पायात मोजं घालायला लागतो," असं म्हणून आई तयार झाली. मी गाडी चालवायला म्हणून सोबत.

माहिती अशी होती की कंपनीला एकदाच पैसे द्यायचे आणि पुढची पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, कंपनीच्या रिसॉर्टात फुकट राहायचं. फुकट म्हणजे देखभालीचे वर्षाला वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि खोली रिकामी असेल तर. आबांचं वय तेव्हा सत्तरच्या पुढं. हिशेब केला तर शेवटचा आठवडा शंभरीच्या आसपास, तोही बहुतेक मनालीला बर्फात. पोरगा गोवा दाखवत होता, थायलंड दाखवत होता, आबा सामोसे खात होते. शेवटी म्हणाले, "बगू की."

आमच्या शिवाजी पेठेत 'बगू' याचा अर्थ 'वाट बघत बस जन्मभर' असा होतो. पोरगं हुशार. त्यानं कागद गोळा करायला घेतले आणि सहज बोलल्यासारखं बोललं, "बरोबर आहे काका. सगळ्यांनाच झेपतं असं नाही. पलीकडच्या काकांनी आत्ताच सिल्व्हर घेतलं. मंगळवार पेठेतले आहेत ते."

आबांचा सामोसा तोंडाच्या अलीकडं थांबला.

बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण. कोल्हापुरातल्या या दोन पेठांच्या मध्ये अंतर म्हणाल तर एका रस्त्याचं, पण त्या रस्त्यात फुटबॉल आहे. दोन पेठांची मॅच असली की इकडचा जावई तिकडच्या सासऱ्याकडं चहाला जात नाही, आणि गेलाच तर स्वतःची साखर घेऊन जातो. आबा आणि मास्तर तरुणपणी समोरासमोर खेळलेले. आबांनी एक गोल मारला होता. मास्तर गोलकीपर. चेंडू रेषेच्या आत गेला, असं आबा म्हणतात. रेषेवर धरला, असं मास्तर म्हणतात. रेफरी स्वर्गात गेला, मैदानावरची ती रेषा पुसून तिच्यावर नवीन रेषा आल्या, पण तो चेंडू अजून हवेत आहे आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तर आबांनी गोल्ड मागितलं, मास्तरांनी प्लॅटिनम. हॉलमधली बाकीची जोडपी खुर्च्या वळवून बघायला लागली. आबांनी पोराची टाय धरून त्याला खाली ओढलं. "प्लॅटिनमच्या वर काय हाय?"

"वर काही नाही काका."

"न्हाय कसं? काढा की!"

पोरगा धावत मॅनेजरकडं गेला. दोघांनी कोपऱ्यात डोकी एकत्र केली आणि परत येईपर्यंत 'डायमंड' जन्माला आला होता. शप्पथ सांगतो, छापील कागदावर प्लॅटिनम खोडून वर पेननं डायमंड लिहिलं, तेही 'मं'वरचं टिंब विसरून. मास्तर उठले, "आमालाबी तेच!" हॉलमध्ये टाळ्या. कुणीतरी रंगीत कागदाचा फटाका फोडला आणि त्यातली चमकी आईच्या अंबाड्यात पुढं आठवडाभर सापडत होती.

आई आबांचा शर्ट ओढत होती. "अवो, गुडघं! गुडघ्याचं पैसं हायत ते!"

कारण ज्या कार्डानं पैसे कापले जात होते त्यात फक्त एकाच कामाचे पैसे होते. आबांचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते. डॉक्टर बघून झाला होता, तारीख तेवढी घ्यायची राहिली होती.

"गुडघं काय पळून जात्यात व्हय?" आबा म्हणाले. हे मात्र खरं होतं. त्या गुडघ्यांना पळणं शक्यच नव्हतं.

मास्तर विधुर म्हणून त्यांना एकट्याला चालवून घेतलं होतं, पण इकडं आईचीही सही लागत होती. तिनं केली. चारचौघांत नवऱ्याची मान खाली घालायची नाही, ती घरी गेल्यावर घालायची, हा तिचा नियम. आणि डिनर सेट म्हणून जे मिळालं ते एक पाकीट होतं. त्यात, डिनर सेट विकत घेतला तर सूट मिळेल, असं लिहिलेलं.

घरी आल्यावर नियमाप्रमाणे व्हायचं ते झालं. आई भांडी आपटत होती आणि मी करार वाचत होतो. पोरानं थायलंड दाखवलं होतं, पण डायमंडवाल्यांच्या वाट्याला आलेला हंगाम होता भर पावसाळा आणि जागा होती गगनबावडा. जिथं पाऊस असा लागतो की म्हसरंसुद्धा खिडकीतून आत बघतात. ज्या घाटात क्लच दाबून आबांचे गुडघे गेले, त्याच घाटात पैसे भरून झोपायला जायचं, पंचवीस वेळा. एवढ्यात मला एक बारीक ओळ सापडली. दहा दिवसांच्या आत लेखी कळवलं तर करार रद्द करता येत होता.

"आबा, सुटलो! रद्द करता येतंय."

आबांनी छताकडं बघितलं. "मास्तर करू दे आदी. मग मी करतो."

"आबा, तुमचे गुडघे—"

"उद्या अख्खी मंगळवार पेठ म्हनंल, शिवाजी पेठेला झेपलं न्हाय. तसलं गुडघं घिऊन हिंडू कुठं मी?"

दोन दिवस मी समजावलं. आईनं अबोला धरला. शेजाऱ्यांनी समजावलं, पण त्यांनी समजावून झाल्यावर जाता जाता हळूच विचारलं, "पर मास्तरनं केलं का रद्द?" आणि सगळं पुन्हा मूळपदावर. शेवटी मी मागच्या बोळातनं मास्तरांच्या घरी गेलो. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. मला बघून तिनं टाचण्या काढल्या.

"पावणं, शिवाजी पेठेचं डायमंड तुमीच न्हवं? बसा. तुमचं आबा काय म्हनत्यात?"

"मास्तरांनी आधी करावं म्हणतात."

"आमचं मामाबी त्येच म्हनत्यात. माझ्या पिको-फॉलच्या मशीनचं पैसं घालवलं आन् वर मलाच सांगत्यात, इज्जत मोठी का मशीन मोठी!" तिनं टेपचं टोक माझ्याकडं रोखलं. "माझ्या डोस्क्यात एक हाय. मॅच ड्रॉ करायची."

"म्हणजे?"

"दोगंबी एकाच टेबलावर. दोन पेनं. मी तीन म्हनलं की एकदम सही. कुनी आदी न्हाय, कुनी मागनं न्हाय. तुमी तुमचं म्हातारं आना, मी माझं आनतो."

दोन्ही म्हाताऱ्यांनी आढेवेढे घेतले, पण ड्रॉ हा शब्द त्यांना मान्य होता. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही कंपनीच्या ऑफिसात निघालो. मी, आबा, आई, मास्तर आणि सून. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आबा कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागले. मास्तर शेजारून. मास्तरांचा दम गेलेला, आबांचे गुडघे गेलेले, पण दुसरा थांबेपर्यंत आपण थांबायचं नाही असं दोघांचं न बोलता ठरलं होतं. मधल्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायला लागले, कुणी गोदरेजचं कपाट चढवतंय का काय म्हणून. आई मागं, दोन्ही हात पुढं करून, पडणारं धान्य झेलायला उभी असल्यासारखी.

वर तोच मॅनेजर होता. आम्हाला बघून त्याला आनंद झाला. रद्द करायचं म्हटल्यावर तो आनंद कुठल्याशा रजेवर गेला. रद्द करणारे साहेबही रजेवर होते. सिस्टीम डाऊन होती. मग तो म्हणाला, मुख्य ऑफिसला फोन करा. सुनेनं लावला. पलीकडची बाई गोड आवाजात सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"महत्त्वाचा हाय तर उचला की!" सून तिला म्हणाली. ती बाई गाणं वाजवायला लागली. सुनेनं फोन कापला, कराराची ती बारीक ओळ मॅनेजरच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "लेखी कळवायचं आसं लिवलंय. आमी लेखी कळवतोय. तू फकस्त शिक्का मारून पोच द्यायचीस. शिक्क्याची सिस्टीम तर डाऊन न्हाय न्हवं?"

मॅनेजरनं दोन अर्ज पुढं सरकवले. आईनं आपली सही करून टाकली. आबा आणि मास्तर समोरासमोर बसले. पेनं हातात. सून म्हणाली, "एक."

मॅनेजर आबांच्या कानाशी वाकला, पण बोलला मास्तरांना ऐकू जाईल असं. "काका, ते माघार घेताहेत म्हणून तुम्ही कशाला घेता? अख्ख्या कोल्हापुरात एकटे डायमंड राहाल."

आबांचं पेन कागदावरून वर उचललं गेलं. ते बघून मास्तरांचं उचललं गेलं. सून 'दोन' म्हणाली, पण पेनं वरच राहिली. मी माझ्या मनात आबांचे गुडघे त्या पावसात, रिसॉर्टच्या खिडकीशी, म्हसराच्या शेजारी बसलेले बघितले.

मॅनेजर तिथंच थांबला असता तर आज आम्ही गगनबावड्यात असतो. पण माणूस जिंकत आला की जास्त बोलतो, आणि हा गडी परजिल्ह्यातला, कोल्हापूरकराला सांगलीचं कौतुक सांगायचं नसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हसून म्हणाला, "आणि सांगलीचं उदाहरण बघा. सांगलीतल्या आमच्या एकाही मेंबरनं आजवर करार रद्द केलेला नाही."

आबांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी आबांकडं. त्या हवेतल्या चेंडूनंतर पहिल्यांदाच.

"सांगलीवाल्यास्नी जमलं न्हाय म्हनतोय," मास्तर म्हणाले.

"कसं जमंल?" आबा म्हणाले. "त्येला छाती लागती. आमी दावतो करून. लिवून ठेव, पयला नंबर कोल्हापूरचा!"

"तीन!" सून ओरडली आणि दोन्ही पेनं अशी उतरली की खालचा कार्बनच काय, टेबलाच्या सनमायकावरसुद्धा सह्या उमटल्या. शिक्का बसला. पोच हातात आली. पैसे पुढं बऱ्याच फोनांनंतर आणि कसलं तरी शुल्क कापून का होईना, पण परत आले. सुनेचं मशीन आलं.

त्या दिवशी मात्र आम्ही अजून जिन्यातच होतो. उतरताना दोघांचं बोलणं सुरू झालं आणि दुसऱ्या मजल्यावर भांडण. मास्तर म्हणाले, "पर सही आदी माझी झाली." आबा म्हणाले, "तुमी नाव लिवत हुता तवा माझी रेघसुद्धा वडून झालती." सुनेला विचारावं तर ती मास्तरांची. मला विचारावं तर मी आबांचा. आबा कठडा धरून थांबले आणि पुढं उतरत असलेल्या आईला त्यांनी हाक मारली. आईचं म्हणणं मास्तरांनाही मान्य होणार होतं, तेही थांबले.

"तू समोरच हुतीस. खरं सांग. कुनाची सही आदी झाली?"

आई एक पायरी परत चढून आबांच्या खालच्या बाजूला उभी राहिली.

"म्या न्हाय बघितलं," ती म्हणाली. "माझं ध्यान तुमच्या गुडघ्याकडं हुतं."