कारणवाल्या सिस्टर

आमच्या सिस्टरना ‘गैरहजर’ हा शब्द चालत नसे. नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात मी कॉम्प्युटरवर नोंदी भरायचो आणि त्या गावोगाव फिरून गरोदर बायकांची तपासणी करायच्या. न आलेल्या बाईच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ लिहिलं की त्या म्हणायच्या, “बाई कुठंतरी हजर असतेच, भाऊ. कुठं, ते लिहा.” केंद्रात सगळे त्यांना कारणवाल्या सिस्टर म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती.

कारणं त्या स्वतःच्या वहीत उतरवत. ओढ्याला पाणी आहे. सासू अंथरुणाला खिळली आहे. मागच्या वेळी दवाखान्यात कुणीतरी अंगावर ओरडलं, म्हणून येत नाही. हे शेवटचं कारण वाचून दाखवून त्यांनी मला विचारलं, हे कुठं भरणार? त्याला माझ्याकडे रकाना नव्हता. मला त्यांचा कंटाळा यायचा. महिनाअखेरीला आकडे वर पाठवायचे, एवढंच आपलं काम, असं मी धरून चाललो होतो.

मंगल सात महिन्यांची गरोदर होती आणि अंगात रक्त फार कमी. द्राक्षांच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर पिंपळगाव बसवंतकडे बागेच्या कामाला गेली. सिस्टरनी तिथल्या मुकादमाचा फोन नंबर मिळवून मला भरायला दिला. नंबर टाकायला जागा नव्हती. ‘स्थलांतरित’ असा एक पर्याय होता, तो मी निवडला. त्याबरोबर मंगलचं नाव आमच्या यादीतून गेलं आणि तिकडच्या कुठल्याच यादीत चढलं नाही. न आलेल्यांत एक नाव कमी झालं, म्हणून त्या महिन्यात आमच्या केंद्राचं काम चांगलं दिसलं.

बागेतून दवाखान्यात नेताना टेम्पोतच ती गेली. बाळही गेलं. तिचा नवरा तपासणीचे जुने कागद मागायला आला, तेव्हा आम्हाला कळलं. मी त्याला बसायला सांगितलं, तिचं पूर्ण नाव विचारलं, टाइप केलं. हात नेहमीसारखे चालत होते. दुपारी डबाही खाल्ला. काही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

सिस्टर समोर येऊन बसल्या. आता बोलणी खावी लागणार असं मी धरलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “नंबर माझ्याही वहीत होता. मी फोन केला नाही. तुमच्याकडे दिला म्हणजे कुणीतरी बघेल, असं वाटलं.”

त्यानंतर आम्ही दोघांनी एक साधी यादी करायला घेतली. बाई कुणाच्या बागेत आहे, फोन कुणाचा, कितवा महिना, रक्त किती. माहिती पुढे द्यायची का, हे सिस्टर आधी त्या बाईलाच विचारत. एकीने नको म्हटलं, तर तिचा कागद त्यांनी बाजूला ठेवला. बाहेर गेलेल्या एकीचंही नाव काढलं नाही, त्यामुळे आमचे आकडे घसरले. मासिक बैठकीत साहेबांनी जाब विचारला. सिस्टर उभ्या राहून यादी वाचू लागल्या. चौथ्या-पाचव्या नावाला साहेब म्हणाले, कळलं, बसा. त्या शेवटच्या नावापर्यंत वाचून मगच बसल्या.

यादी पिंपळगावकडच्या नर्सबाईंकडे गेली. मजुरांच्या सुट्टीच्या दिवशी, बायका बाजाराला निघायच्या आत, नर्सबाई वस्तीवर जाऊ लागल्या. सगळ्या सापडल्या नाहीत. शिमग्याला माणसं परतली तेव्हा तिघी बाळं घेऊन आल्या. सिस्टरनी वजनं केली, मी भरली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

शाल-नारळ घेऊन सिस्टर निवृत्त झाल्या आणि विंचूरला मुलीकडे राहायला गेल्या. निघताना त्यांनी विचारलं की मंगलच्या घरी तुम्ही अजून गेला नाहीत ना. नाही म्हणालो.

मला जायला तीन आठवडे लागले. मंगलची सासू दारात नाचणी पाखडत होती. कोण म्हणून तिने विचारलं. दवाखान्यात लिहितो, असं सांगितलं. तिच्या सुनेचं नाव मीच यादीतून घालवलं, ते सांगायचं राहून गेलं. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली,

“मंग लिव. लय हसायची ती.”