हाजी मुफ्लेहच्या पुढ्यातली कॉफी

हनादीला माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी दात दिसायचे. अम्मानच्या जबल हुसैन भागातल्या एका दातांच्या लॅबमध्ये ती नऊ वर्षं कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवत होती. एवढ्या काळात तिला समोरच्याच्या जबड्यावरूनच कळायला लागलं होतं, की हा माणूस रात्री दात खातो, हा सिगारेट ओढून ‘सोडली’ म्हणतो आणि हा आईच्या हातचं सोडून दुसरं काही चावतच नाही. वय एकतीस. लग्न झालेलं नाही. ‘जमत नाही’ हा शब्द लोकांचा. ती म्हणायची, मी जमवत नाही.

तसं तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. लॅबमधल्या दीमाच्या आग्रहाखातर ती एका फिजिओथेरपिस्टला कॅफेत भेटली. दुसऱ्याच भेटीत त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “तुझी मक्लूबा ताटात पालथी घातली की अख्खी उतरते का?” लग्नाच्या बाजारात आमच्याकडे भाताच्या त्या पातेल्याला पदवीपेक्षा जास्त वजन आहे. हनादी म्हणाली, “भात मोडतो माझा. दाढ मात्र अख्खी उतरते. हवी असेल तर सांग.” तिसरी भेट झाली नाही.

मग एक बँकेतला. चांगला बोलायचा, हसायचा. कॉफी येण्याआधीच त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर त्याची आई. “जरा उभी राहा गं बाई,” आई म्हणाली, “उंची बघू दे.” हनादी उभी राहिली, पर्स उचलली आणि दारातून बाहेर पडेपर्यंत त्या बाईंना तिची उंची नीट दिसली असणार.

एकावर मात्र तिचा जीव जडला होता, हे तिने दीमालाही सांगितलं नव्हतं. चार महिने ते दोघं शुक्रवारी सकाळी एकत्र फलाफलची न्याहारी करायला जायचे. एके दिवशी तो म्हणाला, “तू लोकांत फार मोठ्याने हसतेस.” ती म्हणाली, “मग तुझ्या घरी जाऊन हळू हसू का?” तो हसलाच नाही. त्या रात्री ती खूप रडली, आणि तेही मोठ्यानेच.

अशात राफत आला. दोहाला नोकरी, अडतीस वर्षांचा, दहा दिवसांची रजा काढून बायको शोधायला आलेला. घरच्या बैठकीत दोनदा भेट झाली. दात खरंच सुरेख होते, हे तिने मनातल्या मनात कबूल केलं. पण दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, “दोहात तुला नोकरीची गरजच पडणार नाही. मस्त आराम कर.”

“आराम मी दमले की करते,” हनादी म्हणाली. “नोकरी सोडणार नाही मी.”

तो हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसा. त्याच संध्याकाळी तिने आईला सांगून टाकलं, “यम्मा, याला नाही सांग.” आई म्हणाली, “बघू.”

पुढच्या शुक्रवारी सकाळी इमारतीखाली टेम्पो थांबला आणि गाड्या लावायच्या जागेत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरू लागल्या. खिडकीतून बघणाऱ्या हनादीने मोजल्या. चाळीस. चाळीस खुर्च्या मयताला लागतात नाहीतर जाहाला, आणि इमारतीत तर कुणी मेलं नव्हतं.

जाहा म्हणजे मुलाकडची मोठी माणसं मुलीच्या दारी मागणी घालायला येतात ती. त्यांच्यातल्या सर्वांत मानाच्या माणसापुढे कडू कॉफीचा एकच छोटा पेला ठेवतात. तो पेला हातात घेत नाही. आधी आमचं मागणं मान्य करा, मग कॉफी. मुलीचा बाप “प्या तुमची कॉफी” म्हणाला की झालं, चाळीस साक्षीदारांदेखत शब्द दिला गेला. पुढे काझीसमोर मुलीला विचारतात खरं, पण तिथे नाही म्हणणारी मुलगी बापाला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवत नाही.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. उम्म घस्सान, म्हणजे तिची आई, खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती.

“यम्मा, कुणाची जाहा येतेय?”

“निळा झगा इस्त्री करून ठेवलाय पलंगावर.”

“मी नाही सांगितलं होतं!”

“तू सगळ्यांनाच नाही सांगतेस!” आईने बत्ता आपटला. “एकाने भात विचारला म्हणून नाही, एकाच्या आईने उंची बघितली म्हणून नाही. अगं, माझी तर तुझ्या बाबांच्या आईने हम्माममध्ये अंघोळ करताना पाठ बघितली होती! मी मेले का? राफतच्या आईला हो कळवलंय मी. हाजी मुफ्लेह येणार आहेत. तीस वर्षांत त्यांची एक जाहा रिकाम्या हाताने परत गेलेली नाही.”

“म्हणजे लोकांसमोर माझं तोंड बंद राहील, असा हिशेब.”

“हो,” आई म्हणाली. ती खोटं कधी बोलत नसे. “एकटी राहशील तेव्हा मला शिव्या घालशील. त्यापेक्षा आत्ता घाल.”

आईचे डोळे भरले होते. हनादीला तिची दया आली आणि त्याहून जास्त राग आला.

तिचे बाबा, अबू घस्सान, बाथरूमच्या आरशासमोर दाढी करत होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला हा माणूस. भाजीवाल्याने पिशवीत कुजका टोमॅटो टाकला तरी ‘राहू दे’ म्हणून घरी आणणारा. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलेलं नव्हतं.

“बाबा, तुम्ही काय म्हणणार?”

“चाळीस माणसं बसलेली असतील गं. कॉफी ठेवलेली असेल...”

“ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणणार?”

त्यांनी वस्तरा नळाखाली धरला आणि बराच वेळ धुतला.

दीमाने फोनवर सांगितलं, सरळ माझ्याकडे निघून ये. हनादीने पर्स उचललीही होती. पण जिन्यात तिला वाटलं, पळून जायला मी काही गुन्हा केलेला नाही. आणि मी पळाले तरी बाबा शब्द देऊन बसतीलच. ती परत वर आली, निळा झगा घातला. आईला वाटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आलं.

दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर माणसं आली. हाजी मुफ्लेह मधोमध बसले, खांद्यावर मानाचा पायघोळ तपकिरी अबाया, बोटांत माळ. पितळी किटलीतून कॉफी ओतली गेली, पेला त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवला गेला. त्यांनी तो बोटानेही हलवला नाही. मग घसा खाकरून दोन्ही घराण्यांचं, दोन्ही घरांतल्या मेलेल्यांचं आणि राफतच्या पगाराचं कौतुक केलं. शेवटी म्हणाले, “अबू घस्सान, आम्ही तुमच्या लेकीचा हात मागायला आलोय. हो मिळेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य.”

जिन्याच्या खिडकीशी बायकांची गर्दी होती. हनादी सगळ्यांत पुढे. अबू घस्सान उठले. “हाजी, तुम्ही आमच्या दारी आलात, आमचं भाग्य...” त्यांची नजर पेल्यावर खिळली होती. त्यांचे ओठ उघडले.

हनादी जिना उतरली. पायात स्वयंपाकघरातल्या रबरी चपला होत्या, त्यांचा फटफट आवाज सगळीकडे झाला. दोन ओळींमधून चालत ती स्टुलापाशी गेली, पेला उचलला आणि उभ्याउभ्याच दोन घोटांत ती कॉफी पिऊन टाकली. कडूजहर होती. रिकामा पेला तिने परत जागेवर ठेवला.

“माफ करा हाजी. मागितलंय मला, तर उत्तरही मीच देते. नाही.”

हाजी मुफ्लेहच्या हातातली माळ थांबली. “पोरी,” ते म्हणाले, “तीस वर्षांत माझी कॉफी कुणी प्यायलं नाही.”

“तीस वर्षांत तुम्ही मुलीला विचारलंही नसेल, हाजी.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. राफत बुटांकडे बघत होता. त्याचा काका ताडकन उठला. “अबू घस्सान! तुमच्या घरात पोरी बोलतात का?”

अबू घस्सानांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या पेल्याकडे. त्यांचा आवाज शेवटच्या बाकावर कधी पोचायचा नाही, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत. त्या दिवशी तो खिडकीतल्या बायकांपर्यंत पोचला.

“बोलतात,” ते म्हणाले. “उत्तर ऐकलंत तुम्ही.”

पुढचं भराभर झालं. काका पाय आपटत गेला, त्याच्यामागे बाकीचे. हाजी मुफ्लेह सर्वांत शेवटी उठले. जाताना त्यांनी हनादीकडे एकदा वळून पाहिलं. वर आईने बेडरूमचं दार आतून लावून घेतलं. चाळीस माणसांसाठी केलेली कुनाफाच्या मिठाईची परात तशीच झाकलेली होती.

ऊन इमारतीच्या टोकाला गेलं होतं. अबू घस्सान एकामागून एक खुर्च्या एकात एक घालत होते. हनादी मदतीला गेली. अर्ध्याअधिक खुर्च्या रचून झाल्या.

“हनादी,” शेवटी ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. “तू आली नसतीस तर मी हो म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं माझ्या.”

हे ऐकावं लागेल हे तिला सकाळपासून माहीत होतं, तरी लागायचं ते लागलंच.

“ते मला वरून दिसलं, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून तर खाली आले.”